न जुळलेली नोंद

मी इतिहासाचा शिक्षक आहे. भौतिकशास्त्रावर लिहिण्याचा अधिकार मला नाही, हे आधीच सांगून टाकतो. तरीही स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला, तेव्हा शाळेच्या वाटचालीतील गौरवाच्या प्रसंगांऐवजी मला माझ्याच हातून झालेली एक चूक आठवली. ती इतिहासाच्या तासाला झाली नव्हती. ती झाली आपल्या प्रयोगशाळेत. आपल्या मुलामुलींपुढे आज उच्च शिक्षणाची जी नवी वाट उघडत आहे, तिच्याशी त्या चुकीचा थेट संबंध आहे, म्हणून ती येथे लिहितो.

काही वर्षांपूर्वी विज्ञानाच्या शिक्षिका प्रसूती रजेवर गेल्या आणि दहावीचा वर्ग काही आठवडे माझ्याकडे आला. गुरुत्वाकर्षणाचा पाठ होता. दोरा, पितळी गोळा आणि स्टॉपवॉच एवढ्या साहित्यावर साध्या लंबकाचा प्रयोग करायचा, वीस आंदोलनांना लागणारा वेळ मोजायचा, सूत्रात आकडे घालायचे आणि गुरुत्व त्वरणाचे मूल्य काढायचे. पुस्तकाप्रमाणे ते दर सेकंदाला दर सेकंद ९८० सेंटिमीटर यायला हवे. वर्गातील बहुतेकांचे बरोबर ९८० आले. ते कसे आले, हे मी विचारले नाही. एका मुलीचे मात्र ९६६ आले. तिने तीनदा प्रयोग केला आणि उत्तर ९६६च्या आसपासच राहिले. वही घेऊन ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "सर, माझं रीडिंग जुळत नाही."

मी म्हणालो, "काहीतरी चुकलं असेल. ९८० येईल असे आकडे लिही आणि वही दे. तास संपत आला."

तिने तसे केले. मी पाचपैकी पाच गुण दिले. त्याच दिवशी सकाळी प्रार्थना सभागृहात आम्ही सर्वांनी मिळून वंदनेतला 'एहिपस्सिको' हा शब्द नेहमीप्रमाणे म्हटला होता. त्याचा अर्थ 'या आणि स्वतः पाहा' असा मुलांना समजावून सांगणाराही मीच. सकाळी पाहायला सांगितले आणि दुपारी, पाहिलेले खोडायला लावले.

ती मुलगी आता बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. भौतिकशास्त्र हा तिचा मुख्य विषय. गेल्या दिवाळीच्या सुटीत ती शाळेत आली, तेव्हा तिने पिशवीतून दहावीची तीच प्रयोगवही काढली. शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेले तिचे मूळ आकडे तसेच होते. माझ्या सांगण्यावरून तिने पुढच्या पानावर खोटे लिहिले; मागच्या पानावर मात्र खरे जपून ठेवले होते.

"सर, चूक सापडली," ती म्हणाली. "मी दोऱ्याची लांबी गोळ्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजली होती. लंबकाची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते. गोळ्याची त्रिज्या १.२५ सेंटिमीटर. शंभर सेंटिमीटरमध्ये ती मिळवली की ९६६चे ९७८ होतात."

"म्हणजे ९८०च्या जवळ आलीस," मी म्हणालो.

"मोजण्यातली अनिश्चितता धरली तर ९७८, अधिक-उणे सहा. ९८० त्यात बसतं, म्हणून पुस्तक चुकलंय असं मी म्हणू शकत नाही. पण आपण वहीत लिहिलेली नोंद चूक होती, एवढं म्हणू शकते."

तिने 'आपण' म्हटले, 'तुम्ही' म्हटले नाही. तो तिचा विनय. चूक माझी होती. ९६६ हा आकडा तिला काही सांगू पाहत होता. त्या दिवशी आम्ही दोघांनी दहा मिनिटे लंबकाजवळ उभे राहून लांबी कुठून कुठवर मोजली हे पाहिले असते, तर पंधराव्या वर्षी तिला एक शोध लागला असता. मी तिला पाच गुण दिले आणि तो शोध काढून घेतला.

पुढे वाचताना आणखी एक गोष्ट कळली. पुस्तकातले ९८० हे आपल्या गावचे मूल्यच नव्हे. ९८०.६६५ हा १९०१ साली आंतरराष्ट्रीय परिषदेने सोयीसाठी ठरवून दिलेला प्रमाण आकडा आहे. विषुववृत्तावर हे मूल्य ९७८च्या आसपास असते, ध्रुवांवर ९८३ असते. महाराष्ट्राच्या पठारावर ते सुमारे ९७८.५ भरते. म्हणजे त्या दिवशी ज्यांचे बरोबर ९८० आले, त्यांच्यापेक्षा न जुळलेल्या मुलीची मागच्या पानावरची नोंद सत्याच्या अधिक जवळ जाणारी होती.

आता ज्या वाटेचा उल्लेख केला तिच्याकडे वळतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा झाला आहे. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५पासून तो लागू झाला. तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडता येते. चौथे वर्ष केले तर ऑनर्स पदवी मिळते. ज्यांना पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण आहेत, त्यांना चौथ्या वर्षी संशोधनाचा मार्ग निवडता येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२च्या आराखड्यात चार वर्षांच्या १६० श्रेयांकांपैकी १२ श्रेयांक या संशोधन प्रबंधाला दिले आहेत. प्रात्यक्षिकाच्या हिशेबाने एका श्रेयांकाला तीस तास धरले तर हे ३६० तासांचे काम होते. विभागणी विद्यापीठागणिक वेगळी असू शकते. ती आपल्या महाविद्यालयात विचारून घ्यावी.

हा प्रबंध म्हणजे काय, याविषयी आपल्या घरांत बराच गैरसमज आहे. पालकांना तो मोठा निबंध वाटतो, मुलांना तो इकडून तिकडून गोळा केलेल्या माहितीचा बांधीव गठ्ठा वाटतो. भौतिकशास्त्रातील प्रबंध या दोन्हींपेक्षा वेगळा असतो. ज्याचे उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानावर छापलेले नाही, असा एक छोटा प्रश्न घ्यायचा, स्वतः मोजायचे किंवा गणित मांडायचे, आलेले उत्तर किती विश्वासार्ह आहे हे प्रामाणिकपणे सांगायचे आणि दुसऱ्या कोणाला ते पडताळून पाहता येईल अशा रीतीने लिहायचे, एवढेच ते काम आहे. आकडे जुळवण्यात ज्याचे शिक्षण झाले, त्याला हे काम जमत नाही, कारण येथे जुळवायला समोर आकडाच नसतो. माझे म्हणणे एवढेच आहे की या प्रबंधाची तयारी सातव्या सत्रात सुरू होत नाही. ती न जुळलेली नोंद जशीच्या तशी लिहून ठेवण्याच्या सवयीत सुरू होते, आणि ती सवय शाळेतच लागते किंवा शाळेतच मोडते.

त्या मुलीने चौथ्या वर्षासाठी जो प्रश्न मनाशी धरला आहे, तोच उदाहरण म्हणून सांगतो. महाविद्यालयाच्या कार्यशाळेत बनवलेल्या लंबकाने कोकणातील समुद्रकिनारा आणि घाटमाथ्यावरचे पठार यांच्या गुरुत्व त्वरणातील फरक ओळखता येईल का? प्रश्न एका वाक्यात मावतो, त्यात मोजायची राशी आहे आणि तिचे एकक आहे. प्रश्न निवडण्याची ही पहिली कसोटी समजावी. 'विश्वाची उत्पत्ती' हा विषय असू शकतो. वर्षभरात सोडवायचा प्रश्न तो असू शकत नाही.

दुसरी कसोटी शक्यतेची. उंचीमुळे पडणारा हा फरक ९७८मध्ये ०.२हूनही कमी आहे, म्हणजे जवळजवळ पाच हजारांत एक भाग. आता आपल्या हातातल्या साधनांकडे पाहा. स्टॉपवॉच दाबताना माणसाची सुमारे ०.२ सेकंदाची चूक होते. एक मीटर लांबीच्या लंबकाचे एक आंदोलन दोन सेकंदांचे असते. एकच आंदोलन मोजले तर दहात एक भागाची चूक. पन्नास मोजली तर शंभर सेकंदांत ०.२, म्हणजे पाचशेत एक. सूत्रात वेळेचा वर्ग येतो, म्हणून उत्तरातली चूक त्याच्या दुप्पट. त्यातच लंबक तीस अंशांपर्यंत ओढून सोडला तर आंदोलनाचा काळ पावणेदोन टक्क्यांच्या आसपास वाढतो. याचा अर्थ हाताने दाबायच्या घड्याळाने आणि दोऱ्याच्या लंबकाने हा प्रश्न सुटणार नाही. प्रकाशकिरण तुटला की वेळ नोंदवणारे इलेक्ट्रॉनिक साधन हवे, आणि हेन्री केटर याने १८१७च्या सुमारास तयार केलेला, दोन्ही बाजूंनी टांगता येणारा धातूचा लंबक हवा, कारण त्यात गोळ्याचा मध्य शोधण्याची कटकट राहत नाही. तरीही दोन पात्यांमधले अंतर मीटरमागे दशांश मिलिमीटरपर्यंत मोजावे लागेल, आणि तापमानाने दांडा किती लांबतो याचा हिशेब ठेवावा लागेल.

हा सगळा हिशेब काम सुरू होण्यापूर्वी कागदावर करायचा असतो. मुलीने तो केला, तेव्हा तिच्या लक्षात आले की कदाचित फरक दिसणारच नाही. ती थोडी हिरमुसली. तिच्या प्राध्यापकांनी तिला सांगितले ते मला फार आवडले. ते म्हणाले, "दिसला नाही, तर आपलं साधन किती लहान फरक ओळखू शकतं ते लिही. तेही उत्तरच आहे." परीक्षेतील अपयशाच्या भीतीत वाढलेल्या आपल्या मुलांना हे कोणीतरी वेळेवर सांगायला हवे. प्रामाणिकपणे मोजून आलेले 'नाही' हा नापासाचा शेरा नसतो.

तिसरी तयारी म्हणजे आपल्याआधी या वाटेने कोण गेले ते शोधणे. येथे माझ्यासारखा इतिहासाचा माणूस थोडा उपयोगी पडला. १६७२ साली ज्याँ रिशे हा फ्रेंच निरीक्षक दक्षिण अमेरिकेतील कायेन येथे गेला. पॅरिसमध्ये अचूक चालणारे लंबकाचे घड्याळ तेथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. पॅरिसहून आणलेल्या आकड्याशी त्याने आपली नोंद जुळवून टाकली असती तर कोणाला कळलेही नसते. त्याने लंबकाची लांबी किती कमी करावी लागली हे लिहून ठेवले. त्या न जुळलेल्या नोंदीवरून पुढे न्यूटनने १६८७च्या आपल्या ग्रंथात पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली असल्याचा युक्तिवाद केला. आपल्या देशातही १८६५पासून त्रिकोणमितीय सर्वेक्षणातील कॅप्टन बासेवी याने ठिकठिकाणी लंबकाची निरीक्षणे घेतली. १८७१ साली लडाखच्या उंच पठारावर हेच काम करताना त्याचा मृत्यू झाला. हे वाचून ती मुलगी म्हणाली, "म्हणजे माझा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वीचा आहे!" प्रश्न जुना असणे हा दोष नाही. तो जुना आहे हे ठाऊक नसणे हा दोष आहे.

आता ज्या मुलांच्या महाविद्यालयात कार्यशाळा नाही, प्रयोगशाळा नावापुरती आहे, त्यांनी काय करावे? त्यांच्यासाठीही दारे आहेत. नारायणगावजवळ खोडद येथे महाकाय मीटर-तरंग रेडिओ दुर्बीण आहे; प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांनी टिपलेली निरीक्षणे ठरावीक मुदतीनंतर सर्वांसाठी खुली होतात. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो वेधशाळेची आणि जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेची माहितीही मोठ्या प्रमाणावर खुली आहे. एक साधा लॅपटॉप, इंटरनेट आणि पायथनसारखी विनामूल्य संगणकभाषा एवढ्यावर त्या आकड्यांतून प्रश्न विचारता येतात. मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी एनआययूएस हा उपक्रम आहे. देशातील तीन विज्ञान अकादमींच्या वतीने उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती दिली जाते. अशा ठिकाणी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच अर्ज करावेत. एखाद्या उन्हाळ्यात दोन महिने संशोधकांच्या सहवासात राहिलेला विद्यार्थी चौथ्या वर्षाला बुजत नाही.

तयारीच्या काही बाबी दिसायला लहान, पण निर्णायक आहेत. नोंदवही पक्की बांधलेली असावी, तिची पाने क्रमांकित असावीत, तारीख घातल्याशिवाय एकही ओळ लिहू नये आणि चुकलेली नोंद एका रेघेने खोडावी. खाली काय होते ते वाचता आले पाहिजे. शोधनिबंध वाचताना आधी सारांश, मग आलेख, मग निष्कर्ष पाहावा आणि त्यानंतरच गणितात शिरावे. इंग्रजीची धास्ती बाळगू नये. पण आपला प्रश्न आधी मराठीत, आपल्या आजीला समजेल अशा शब्दांत लिहून पाहावा. जो प्रश्न मराठीत धड मांडता येत नाही, तो आपल्याला अजून समजलेला नाही, असे मी माझ्या अनुभवाने सांगतो. आणि दुसऱ्याचे लिखाण उचलून, किंवा हल्ली यंत्राकडून लिहून घेऊन, प्रबंध पुरा करणे म्हणजे पुन्हा ९८० लिहिणेच होय.

मार्गदर्शकाविषयी थोडे सांगितले पाहिजे. आपली मुले हुशार असूनही प्राध्यापकांच्या दाराशी जाऊन थबकतात. आपण विचारले तर आपले अज्ञान उघडे पडेल, ही भीती पिढ्यांची आहे; ती एका दिवसात जात नाही. संशोधनात मात्र न विचारणाऱ्याचे नुकसान होते. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच दोन-तीन प्राध्यापकांना भेटावे, त्यांचे काम आधी वाचून जावे आणि 'मला काहीही विषय द्या' असे न म्हणता 'मला अमुक प्रश्न पडला आहे' असे म्हणावे. येथे मला बाबासाहेबांच्या प्रबंधाची आठवण होते. लंडनमध्ये त्यांनी सादर केलेल्या रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधात १९२३ साली परीक्षकांनी बदल सुचवले. पैसा संपत आलेला होता, मायदेशी परतावे लागले. त्यांनी मुंबईत बसून प्रबंध पुन्हा लिहिला, पाठवला आणि त्याच वर्षी त्यांना डी.एस्सी. मिळाली. तो ग्रंथरूपाने आला तेव्हा त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि तिच्यात आपल्याला लेखकाचे बरेचसे युक्तिवाद मान्य नसल्याचे मोकळेपणाने नोंदवून त्याच्या विचारांतील ताजेपणाचे कौतुकही केले. भौतिकशास्त्र असो की अर्थशास्त्र, प्रबंधाचे नाते असे असते. मार्गदर्शकाचा आदर राखायचा आणि आपला पुरावा सोडायचा नाही. परत आलेला मसुदा म्हणजे अपमान नव्हे, हेही आपण त्या १९२३च्या प्रसंगापासून शिकावे.

आता पालकांशी बोलतो. त्या मुलीचे वडील तालुक्याच्या गावी पाणी उपसण्याच्या मोटारी भरून देतात. दिवाळीत ते तिला न्यायला आले, तेव्हा दाराशीच त्यांनी मला विचारले, "सर, तीन वर्षांत डिग्री मिळते, तर हे चौथं वर्ष कशाला? तोवर ती स्पर्धा परीक्षेला बसली असती." हा प्रश्न हलका नाही. घरात एक वर्षाची कमाई थांबणे म्हणजे काय, हे ज्याचे त्यालाच ठाऊक असते. त्यामुळे उपदेश न करता मी त्यांना हिशेब सांगितला.

तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांचे एम.एस्सी. मिळून पाच वर्षे होतात. चार वर्षांच्या पदवीनंतर एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची तरतूद झाली आहे. म्हणजे चार आणि एक मिळूनही पाचच. ज्याला पुढे शिकायचेच आहे, त्याचे वर्ष वाया जात नाही. त्याला संशोधन एक वर्ष आधी भेटते. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण असतील तर पीएच.डी.च्या प्रवेशासाठी थेट पात्र होता येते आणि आयोगाच्या २०२२च्या नियमांत अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग व अन्य काही घटकांना पाच टक्क्यांची सवलत देण्याची मुभा आहे. मात्र चौथ्या वर्षाच्या संशोधनासाठी पहिल्या सहा सत्रांचे गुण मोजले जातात, म्हणून पहिल्या सत्रात गुण घसरले तर शेवटी भरून काढणे कठीण जाते. शिष्यवृत्तीचे अर्ज, चौथ्या वर्षाला ती लागू होते का याची चौकशी, हे सारे तिसऱ्या वर्षीच करून ठेवावे.

आणि हेही स्पष्ट लिहितो की चौथे वर्ष प्रत्येकासाठी नाही. ज्या मुलाला घर सावरण्यासाठी आज कमावणे भाग आहे, त्याने तीन वर्षांची पदवी ताठ मानेने घ्यावी. त्याला कमी लेखण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण ज्या मुलीला प्रश्न पडले आहेत, गुण आहेत, आणि केवळ आपल्या घरात यापूर्वी कोणी असे केले नाही म्हणून ती थांबणार असेल, तर ते थांबणे आपल्या सर्वांचे नुकसान आहे.

तिच्या वडिलांनी ऐकून घेतले. मग मी त्यांना लंबकाची गोष्ट सांगितली, माझ्या चुकीसह. ते हसले आणि म्हणाले, "सर, आमच्याकडे असं चालत नाही. तारेचे फेरे कमी पडले आणि वहीत बरोबर लिहिले, तर मोटार जळते." इतक्या वर्षांच्या शिक्षकी पेशात मला जे त्या तासाला सुचले नाही, ते त्यांना रोजच्या कामाने शिकवले होते. त्यांच्या मुलीने मागच्या पानावर खरे आकडे का लिहून ठेवले, हे मला त्या क्षणी समजले.

माजी विद्यार्थ्यांनाही एक मागणे आहे. मेघनाद साहा हे नाव आपण सर्वांना माहीत असले पाहिजे. ढाक्याजवळच्या खेड्यातील गरीब घरातला हा मुलगा दुसऱ्याच्या घरी राहून शिकला. कोलकात्याच्या वसतिगृहात जातीमुळे त्याला वेगळे बसून जेवावे लागले. १९१७ साली त्यांनी प्रारणाच्या दाबावरील एक दीर्घ निबंध अमेरिकेतील नामांकित नियतकालिकाला पाठवला. छपाईच्या खर्चाचा भार उचलावा, असे उत्तर आले. तेवढे पैसे नव्हते. निबंध तेथे छापला गेला नाही आणि त्याकडे जगाचे लक्ष गेले नाही. पुढे १९२०मध्ये सूर्याच्या वातावरणातील आयनीभवनावरच्या कामाने साहा जगप्रसिद्ध झाले, हे खरे. पण प्रत्येकाला दुसरी संधी मिळतेच असे नाही. बुद्धी असूनही किरकोळ खर्चापाशी काम अडते, तेव्हा ते कुठेही नोंदले जात नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. पुण्या-मुंबईत स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांनी आपल्या घरी उन्हाळ्यात दोन महिने एका विद्यार्थ्याची सोय करावी. कोणी जुना पण चालता लॅपटॉप द्यावा. ज्यांनी स्वतः प्रबंध लिहिला आहे, मग तो कोणत्याही विषयातला असो, त्यांनी एका विद्यार्थ्याचा मसुदा वाचून द्यावा. राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदची दुर्बीण लोकांसाठी खुली असते. दरवर्षी दहावीच्या मुलांना तेथे नेण्याचा प्रवासखर्च एखाद्या तुकडीने उचलावा. यात मोठे दान कोणतेच नाही. पण संशोधन करणारा माणूस आपल्यातला असू शकतो, हे मुलांना डोळ्यांनी दिसेल.

शाळेपुरते सांगायचे तर विज्ञानाच्या शिक्षिकांशी बोलून आम्ही एक नियम केला आहे. प्रयोगवहीत न जुळलेल्या उत्तराचे गुण कापले जाणार नाहीत. ते का जुळले नाही याविषयी दोन ओळी लिहिणाऱ्याला अधिक गुण मिळतील. पहिल्या महिन्यात कोणीच काही लिहिले नाही. सर्वांचे ९८०च येत राहिले. दुसऱ्या महिन्यात एका मुलाने ९९१ असे लिहिले आणि खाली लिहिले, 'पंखा चालू होता का ते पाहायचे राहिले.' त्याचा अंदाज बरोबर होता की नाही, हे मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी पंखा बंद करून त्याने पुन्हा मोजले.

ती मुलगी परत जाताना दहावीची वही घेऊन निघाली होती. मी ती मागितली. पुढच्या पानावर माझी लाल शाईची सही आणि पाचपैकी पाच गुण आहेत. मी ती सही एका रेघेने खोडली, शेजारी त्या दिवसाची तारीख घातली आणि वही तिला परत दिली.